रात्री कोणतरी उसासे टाकता

आत्याचा फोन एप्रिलच्या अखेरीला आला. आधी रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, चौकशी, म्हणजे यंदा मला आगळाच्या, त्यांच्या घट्ट रसाच्या, बाटल्या किती लागणार याची. मग आंबा कसा हातचा गेला ते. मग वरच्या वाडीत कोणाच्या झिलाचं लग्न ठरलं आणि मुलगी कुठली, हे सविस्तर. सगळं आटपल्यावर, फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि गो, रात्री घरात कोणतरी उसासे टाकता."

मी डोंबिवलीत. ती आचऱ्याच्या अलीकडे एका वाडीत, माझ्या आजोबांनी बांधलेल्या जांभ्याच्या घरात, एकटी. वय ब्याऐंशी.

कोकणात भुतांची टंचाई नाही. आमच्याच मागच्या चिंचेवर दोन आहेत असं लहानपणी सांगत, शिवाय वाटेवरचा राखणदार वेगळा. पण आत्या भुताला बिचकणारी बाई नव्हे. त्याच चिंचेखाली बसून तिने उभा जन्म भांडी घासली आहेत. त्यामुळे मला धास्ती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. या वयात कानात आवाज घुमू लागतात, मग माणूस समोर नसलेल्यांशी बोलू लागतं, हे आमच्या इमारतीत मी दोनदा पाहिलेलं. रजा टाकली, मे महिन्यात रेल्वेचं तिकीट कसं मिळवलं ते सांगत बसत नाही, आणि कणकवलीला उतरून एसटीने गाव गाठलं.

पहिल्या रात्री तिच्याच खोलीत पथारी टाकली. गावात रात्री शांतता असते असं शहरातली माणसं म्हणतात, ते खोटं. समुद्राची गाज असते. माडाचं झाप धाडकन पडतं. कौलांवरून मांजर जातं, वाशात पाल चुकचुकते, आणि आत्याचा जुना पंखा दर फेऱ्याला एकदा कण्हतो. या सगळ्याच्या खालून, अकराच्या सुमाराला, मला तो ऐकू आला. सूंऽऽ. बारीक, लांबलचक, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. खरोखर उसासाच.

उठले, दिवा लावला, आवाजाच्या मागावर पडवीतून मागे गेले. संडासातली फ्लशची टाकी.

"ऐकलंस?" आत्या मागे येऊन उभी होती. आवाज टाकीचा आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. फोनवर तेवढं सांगायचं तिने गाळलं, कारण सांगितलं असतं तर मी "प्लंबरला बोलव" म्हणून मोकळी झाले असते. म्हातारीचे कान शाबूत होते आणि डोकं माझ्यापेक्षा बरं चालत होतं.

हा कमोड माझ्याच हट्टाने बसला, सात वर्षांपूर्वी, तिच्या गुडघ्यांनी उकिडवं बसायला साफ नकार दिला तेव्हा. त्याआधी घरामागे साधा संडास होता. राज्यात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्या धामधुमीत बांधलेला. आणि त्याच्याही आधी आगराचं टोक, करवंदीची जाळी आणि टमरेल. टमरेलात दीडेक लिटर पाणी मावायचं आणि तेवढ्यात घरच्या, पाहुण्यांच्या, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या, सगळ्यांच्या गरजा भागायच्या.

आत्याचा पाण्याचा हिशेब त्या टमरेलापासून सुरू होतो. विहीर घराच्या खालच्या अंगाला, अठ्ठावीस पायऱ्या उतरून. कळत्या वयापासून तिने त्या पायऱ्यांवरून कळशा वाहिल्या. लग्न होऊन गेली आणि चार वर्षांत परत आली, ती परत त्याच पायऱ्यांवर. पुढे पंप आला, घरावर पाचशे लिटरची काळी टाकी आली, पण हिशेब काही गेला नाही. भांडी विसळलेलं पाणी अळवाला जातं. अंघोळीचं पन्हळीतून पोफळींना. तांदूळ धुतलेलं पूर्वी म्हशीला जाई, आता म्हैस नाही तर मिरचीच्या रोपांना. तिच्या घरात कुठलंही पाणी दोनदा कामाला आल्याशिवाय सुटत नाही. कमोडचं तेवढं एकदाच वापरून जमिनीखाली जातं, याचं तिला पहिल्या दिवसापासून दुखणं आहे. प्लंबर कमोड बसवून गेला त्याच संध्याकाळी तिने नळ बंद करून टाकी रिकामी केली आणि तांब्याने मोजून भरली. नऊ तांबे. "बसल्या जागेर नऊ तांबे," ती मला फोनवर म्हणाली होती, आणि मी हसले होते.

ज्यांना कोकण म्हटलं की पाऊसच डोळ्यांपुढे येतो त्यांना हे जरा विचित्र वाटेल. पाऊस पडतो, तीन हजार मिलिमीटरच्याही वर पडतो. पण सह्याद्री ते समुद्र अंतर ते केवढं. नद्या आखूड, उतार तीव्र, आणि खाली जांभा, म्हणजे दगडाची चाळण. पडलेलं पाणी चार महिने धो धो दिसतं आणि मेमध्ये विहिरीच्या तळाशी पंपाचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडायची वेळ येते. किनाऱ्याजवळच्या विहिरी तोवर मचूळ झालेल्या असतात. आमची गोडी आहे अजून, पण त्या मे महिन्यात तिच्यात दीड पुरुष पाणी उरलं होतं.

सकाळी मी कामाला लागले. टाकी गळते हे कळलं तरी कुठून, हे बघावं लागतं. वाटा दोनच. पाणी आत सोडणारा बॉलकॉक वेळेवर बंद होत नसेल तर पाणी चढत जाऊन टाकीतल्या उभ्या नळीच्या तोंडातून कमोडमध्ये सांडतं. किंवा तळाची झडप नीट बसत नसेल तर खालून झिरपतं, पातळी उतरते, ती भरून काढायला बॉलकॉक पुन्हा उघडतो, आणि उसासा येतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे टाकीत रंग टाकायचा आणि फ्लश न करता थांबायचं. रंग कुठला टाकावा? फडताळात गेल्या वर्षीचं आगळ होतं. वाटीभर ओतलं. पंधरा मिनिटांनी कमोडच्या पांढऱ्या भांड्यात, मागच्या बाजूने, गुलाबी ओघळ उतरत होता. इतका सुंदर रंग त्या जागी मी कधी पाहिला नव्हता.

"वाटीभर आगळ संडासात घातलंस?" आत्याने विचारलं. गळतीपेक्षा तिला हे जास्त लागलं. त्या दिवशी जेवताना मला सोलकढी मिळाली नाही.

मग मोजमाप. टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद केला, म्हणजे आधी तो खारट हवेने इतका जाम झाला होता की फडकं गुंडाळून पान्याने फिरवावा लागला. टाकीच्या आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलची खूण केली आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटांत पाणी दोन सेंटिमीटर उतरलं. टाकी आतून साधारण पस्तीस बाय पंधरा सेंटिमीटर. म्हणजे दहा मिनिटांना लिटरभर, तासाला सहा लिटर, दिवसाला दीडशेच्या आसपास. आत्याच्या भाषेत दहा कळशा. अठ्ठावीस पायऱ्या गुणिले दहा, रोज, आणि कोणाच्याही उपयोगाला न येता.

हा आकडा मी तिला लगेच सांगितला नाही.

प्लंबरला फोन लावला. कमोड त्यानेच बसवलेला, त्यामुळे हक्काने. "ताई, मे महिन्यात आमका मराक टायम नाय," तो म्हणाला. "तारकर्लीक तीन होमस्टेचा काम चालू आसा. चार दिसान बघतंय." कोकणातले चार दिवस म्हणजे किती ते ज्याला ठाऊक आहे तो वाट बघत बसत नाही. मी म्हटलं, आपणच उघडू. बटणाभोवतीची चकचकीत कडी डावीकडे फिरवली की बटण सुटतं आणि झाकण उचललं जातं, एवढं मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. कडी अगदी सहज फिरली, जणू कोणी नुकतीच फिरवली असावी. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पाणी काढून टाकलं. तळाशी तांबूस गाळ, आणि त्या गाळात, झडपेला टेकून, चांगला वीतभर लांबीचा जांभ्याचा दगड.

मी तो बाहेर काढला. भिजून मऊ पडलेल्या कडा बोटाला लागून सुटत होत्या. प्लंबर विसरला म्हणावं तर प्लंबर टाकीत दगड कशाला ठेवील? आत्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, शाळेत बाक वाजवताना पकडलेल्या पोरीसारखी, पण तशी खजील मुळीच नव्हे.

"तो मी घातलंय," ती म्हणाली.

"का?"

"भांड्यात दगड असलो काय पाणी कमी मावता. प्लंबरान एकदा झाकण काढल्यान तेव्हा मी बघून ठेवलंय." आणि मी काही बोलायच्या आत, "कावळ्याक जमला ता माका जमूचा नाय?"

तहानलेला कावळा. ती चौथीपर्यंत शिकली, त्यातलं तिने हे एवढं सत्तर वर्षं सांभाळून ठेवलं होतं आणि शिमग्याच्या आधी, विहिरीचं पाणी उतरायला लागल्यावर, कामाला लावलं होतं. तत्त्व अगदी बरोबर. दगडाने जेवढी जागा व्यापली तेवढं पाणी टाकीत कमी भरतं. त्या दगडाचं आकारमान लिटरभर धरलं, तर दर वेळी लिटरभर वाचत होतं, दिवसाला पाच-सहा लिटर. लोक टाकीत वीट घालतात ती याच हिशेबाने. फक्त वीट किंवा जांभा पाण्यात झिजत जातो, त्याची कच सुटते आणि ती नेमकी झडपेच्या वायसरखाली जाऊन बसते. सहा लिटर वाचवायला दीडशे.

वायसर काढून उजेडात धरला. मऊ रबराचं पातळ कडं, त्यावर बारीक लाल कणांची रांगोळी आणि त्या कणांनी पाडलेले चरे. मी ते धुतलं, उलटं करून बसवलं, कारण उलटी बाजू अजून कोरी होती, आणि झडपेची बैठक जुन्या दात घासायच्या ब्रशने घासून काढली. उसासा थांबला. मला भलताच अभिमान वाटला. आत्याला सांगितलं, "वायसर जुना झाला होता." ती "हां" म्हणाली आणि रातांबे फोडायला बसली.

दोन रात्री शांततेत गेल्या. तिसऱ्या रात्री पुन्हा सूंऽऽ.

आमच्याकडे मोबाइलला रेंज मिळते ती विहिरीच्या कठड्यावर, तीही समुद्राकडे तोंड करून बसलं तर. त्या रात्री झोप येईना म्हणून तिथे जाऊन बसले आणि फ्लशच्या टाकीचा इतिहास वाचत राहिले. माणूस नाही नाही ते वाचतं अशा वेळी. पण एका गोष्टीने मी सरळ होऊन बसले. इंग्रजांनी या टाकीला आधी दिलेलं नाव होतं 'वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर'. पाण्याची नासाडी रोखणारं यंत्र! एकोणिसाव्या शतकात लंडनमधल्या संडासांना साध्या झडपेने पाणी सोडत, झडपा गळत, लोक त्या उघड्या ठेवून देत, आणि पाणी पुरवणाऱ्या कंपन्या हैराण होत. म्हणून टाकी अशी हवी, की एकदा ओढलं की दोन गॅलन सोडील आणि मग थेंबही नाही. दोन गॅलन म्हणजे नऊ लिटर. नऊ तांबे.

आणि हे साधायची युक्ती होती सायफन. टाकीत एक उलट्या यूच्या आकाराची वाट असते. पाण्याला बाहेर जायचं तर आधी पातळीच्या वरचा तो उंचवटा ओलांडावा लागतो. साखळी ओढली की थोडं पाणी उंचवट्यावरून पलीकडे ढकललं जातं आणि त्याच्या ओढीने बाकीचं मागोमाग जातं, स्कूटरच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढतात तसं. टाकी रिकामी झाली, हवा शिरली, की ओढ तुटते. तळाला भोकावर बसवलेली झडपच नाही, मग गळणार काय? बिघडला तर तो सायफन पाणी सोडायचंच बंद करतो. चोरून सोडत बसत नाही. १८९८ साली अल्बर्ट गिब्लिन नावाच्या माणसाला अशा एका टाकीचं पेटंट मिळालं. नाव होतं 'सायलेंट व्हॉल्व्हलेस वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर'. आवाज न करणारा, झडप नसलेला, नासाडी रोखणारा. आमच्या टाकीत त्या घडीला आवाज होता, झडप होती आणि नासाडी होती. (लोक या सगळ्याचं श्रेय थॉमस क्रॅपरला देतात. तो चेल्सीतला प्लंबर आणि मोठा दुकानदार. विकणाऱ्याचं नाव राहतं, हे काही फक्त संडासाच्या टाकीबाबत खरं नाही.)

मला गिरगावातली आमची चाळ आठवली. गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, डोक्याच्या वर बिडाची काळी टाकी, तिच्यावर उठावाच्या अक्षरांत कसलं तरी नाव, आणि लोंबती साखळी. ओढली की आधी घण्ण, मग वरून दरड कोसळल्यासारखा लोंढा. मी तिला भ्यायचे. कित्येकदा साखळीच तुटलेली असायची आणि आम्ही बादली घेऊन जायचो. पण ती टाकी रात्री उसासे टाकते असं कधी कोणी म्हटलं नाही. ब्रिटनमध्ये २००१ सालापर्यंत सायफनचीच सक्ती होती. त्यानंतर झडपेच्या टाक्यांना परवानगी मिळाली. बटणवाल्या टाक्या सोयीच्या खऱ्या. त्यातलं दोन बटणांचं प्रकरण आलं १९८० साली ऑस्ट्रेलियातून, कोरड्या देशातून, मोठ्याला अकरा लिटर आणि लहानाला साडेपाच. पुढे ते सहा आणि तीनवर आलं. पण मऊ रबराचं एक कडं आणि त्यावर उभा पाण्याचा भार, एवढ्यावर हा सगळा डोलारा. एक कण पुरतो.

सकाळी सुटे भाग घेऊन मालवणच्या बाजारात गेले. हार्डवेअरवाल्यापुढे वायसर ठेवला.

"नुसतो वायसर येणा नाय. सेटच घेवचो लागतलो." मग त्याने आत ओरडून विचारलं, "रे, सायफन आसा काय?"

रात्रीचं ताजं ज्ञान मला गप्प बसू देईना. मी म्हटलं, "याला सायफन म्हणतात खरं, पण हा सायफन नव्हे. हा व्हॉल्व्ह."

तो माझ्याकडे शांतपणे बघत राहिला. "ताई, व्हॉल्व्ह मागलात तर मी तुमका गेट व्हॉल्व्ह देतलंय."

सायफन घेतला. साडेसहाशे रुपये, आणि रबरी कडं हवं होतं दहा रुपयांचं. हल्ली सगळ्याच वस्तूंचं असं झालंय. स्टोव्हची वात, पंपाचं कातडं, छत्रीची काडी सुटी मिळायची तेव्हा दुरुस्ती या शब्दाला काही अर्थ होता. आता आपण दुरुस्त करत नाही, आतडीच बदलतो. त्यातून नवा सेट जुन्या बैठकीत बसेना, कंपनी वेगळी. म्हणजे अख्खी टाकीच कमोडवरून उतरवायची. बरं तर बरं, दुकानदाराने न मागता पितळेचे दोन बोल्ट पुडीत घातले. "लोखंडाचे आसतले आदी. बघा जावन."

होते. सात वर्षांची खारी हवा खाऊन नट आणि बोल्ट एकजीव झालेले. गोडेतेल सोडून पाहिलं, रॉकेल सोडून पाहिलं. शेवटी शेजारचा बारावीतला मुलगा हॅक्सॉ ब्लेड घेऊन आला आणि उताणा झोपून तासभर कापत बसला; मध्ये मध्ये परीक्षेच्या निकालाविषयी न विचारण्याच्या अटीवर. टाकी सुटली तेव्हा संध्याकाळ झाली होती. काळोखात चिनी मातीशी झटापट नको म्हणून पुढचं काम सकाळवर टाकलं.

ती रात्र आणि सकाळ आम्ही बादलीवर काढली. आत्या एकदम खुशीत. "ह्या बरा. कळता तरी किती ओतला ता." आणि खरंच, कमोडला टाकीचं काही पडलेलं नसतं. खालच्या नळीच्या बाकात पाणी उभं असतं, वरून नेमकं आणि जोराने ओतलं की ते सगळं घेऊन जातं, आणि पुन्हा बाकात पाणी उरून वास अडतो. तो बाक १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने पेटंट केला. घड्याळजीने, हे मला फार आवडलं. बाकी टाकी, बटणं, सायफन, आमचे साडेसहाशे रुपये, सगळं आत्याच्या बादलीचंच काम करतं. ती उचलायला हात नसले तर.

सकाळी मी आणि तो मुलगा बसलो. टाकीखालचा मोठा चेकनट सोडवून जुना सांगाडा काढला, नवा बसवला. चेकनट हाताने घट्ट, वर पान्याने जेमतेम पाव फेरा. चिनी मातीला जास्त पिळलं तर ती कुरकुर न करता तडकते. टाकी आणि भांडं यांच्यामध्ये जाड स्पंजासारखा वायसर. बोल्ट आळीपाळीने, थोडा हा, थोडा तो, म्हणजे टाकी कलत नाही. उभ्या नळीचं तोंड पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर. पाणी सोडलं तर डाव्या बोल्टमधून टप टप. मी रबराचा वायसर बोल्टच्या डोक्याखाली, टाकीच्या आत घालायचा तो बाहेरून घातला होता. पुन्हा रिकामी, पुन्हा स्पंजने टिपून घेणं, पुन्हा सगळं. दुसऱ्यांदा कोरडी राहिली.

त्या गडबडीत जुना वायसर मी पायरीवर ठेवला होता. वळून बघते तर आत्या त्याच्यावर अंगठा फिरवत होती. अंगठा तांबडा झाला. ती तो उन्हात धरून बघत राहिली.

"दगडामुळे झाला मा?"

"जुनाच होता गं तो."

"माका खोटा सांगू नको. किती गेला असात?"

सांगितलं. दिवसाला दहा कळशा. महिन्याचे साडेचार हजार लिटर, वरच्या वाडीत येतो त्या छोट्या टँकरएवढं. ती काही बोलली नाही. रातांब्यांच्या ढिगापाशी जाऊन बसली, पण हात चालत नव्हते. मला वाटलं, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं. ब्याऐंशी वर्षांत या बाईने तांब्याभर पाणी फुकट घालवलेलं कोणी बघितलं नसेल.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कावळ्यान टाकल्यान ते खडे जांभ्याचे नसतले."

मी हसले आणि मग तीही. नंतर तिने स्वतःच एक प्लास्टिकची बाटली शोधून आणली, काठोकाठ भरून बूच घट्ट लावलं आणि माझ्यापुढे धरली. बाटली झिजत नाही, हे तिला मी सांगायची गरज पडली नाही. ती टाकीच्या कडेला, झडपेपासून लांब, उभी करून ठेवली. नवा सेट तपासायचा तर पुन्हा रंग हवा होता. ती फडताळाशी घुटमळली आणि बाटलीच्या तळाशी राहिलेलं आगळ, गाळासकट, वाटीत ओतून दिलं. अर्धा तास आम्ही दोघी पहाऱ्यावर बसल्यासारख्या कमोडसमोर स्टुलं टाकून बसलो. भांड्यातलं पाणी पांढरं राहिलं.

शेवटच्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले. गाज, झाप, पाल, पंखा. बाकी काही नाही. प्लंबर दुसऱ्या दिवशी सकाळी, मी एसटीची वाट बघत तिठ्यावर उभी असताना, मोटारसायकलवरून गेला आणि हात हलवून म्हणाला, "येतंय हां ताई, आजच येतंय."

परवा आत्याचा फोन आला. पाऊस सुरू झालाय, विहीर दोन पुरुष वर आली, मिरचीची रोपं पडली. टाकीचं काय, मी विचारलं.

"गप आसा. पण रातचा मी नळ बंद करूनच निजतंय."

"आता कशाला? सगळं नवीन आहे."

"दगड पण नवोच होतो," ती म्हणाली. मग आगळाचं निघालं. पाच बाटल्या ठरल्या होत्या. चारच पाठवते म्हणाली, एकीचा हिशेब मला माहीत असेलच.